घर जळाले तर पुन्हा उभे कोण करणार? बौद्धवाडीतल्या घरांच्या विम्याचा प्रश्न

आपल्या रायगड जिल्ह्याला आगीचा एक मोठा इतिहास आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळण्यात आली. ती आग ठरवून, ठराव करून, शिस्तीत लावलेली होती आणि जे जाळायला हवे होते तेच तिने जाळले. त्या आगीवर आपण दरवर्षी बोलतो, लिहितो, व्याख्याने ठेवतो. ते केलेच पाहिजे.

पण दुसऱ्या एका आगीबद्दल आपल्या चळवळीत कुणी बोलत नाही. ही आग रात्री स्वयंपाकघरात लागते, मीटरच्या पेटीतून ठिणगी पडून लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावरून वणव्याच्या रूपाने वाडीपर्यंत उतरते. ती कुणाला विचारून येत नाही आणि अर्ध्या तासात एका कुटुंबाची तीस वर्षे खाऊन जाते. मग काय होते? गावात वर्गणी निघते, मुंबईच्या मंडळाकडून थोडे पैसे येतात, तलाठी पंचनामा करतो, पुढारी तांदळाचे पोते घेऊन फोटो काढतो. महिनाभराने सगळे विसरतात आणि ते कुटुंब पत्र्याच्या आडोशाखाली पुढची दहा वर्षे काढते.

आमचा प्रश्न सरळ आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धनिकांचे जे बंगले उभे आहेत, त्यांना आग लागली तर मालकाला विमा कंपनीकडून पैसे मिळतात. त्याच बंगल्यात झाडू मारणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, राखण करणाऱ्या आपल्या माणसाचे घर मात्र उघडे असते. आग दोघांच्याही घराला लागू शकते. मग पुन्हा उभे राहण्याची सोय एकाकडेच का?

'आपल्याकडे जळायला आहे काय?'

विम्याचा विषय काढला की वाडीत पहिले उत्तर हेच मिळते. या उत्तरात नम्रता नाही. पिढ्यान्‌पिढ्या 'तुझे काही नाही' असे ऐकवले गेले, त्याचा तो परिणाम आहे. जरा हिशेब करून बघा.

कोकणातला आपला समाज मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत, लष्करात राबला. त्या पैशातून, फंडातून, ग्रॅच्युइटीतून गावाकडे कुडाच्या भिंतीच्या जागी चिऱ्याची भिंत आली. कुणाला रमाई आवासमधून घरकुल मिळाले आणि त्यात स्वतःचे चार पैसे घालून त्याने स्लॅब टाकला. एका पिढीची सगळी बचत त्या चार भिंतींत आहे. सवर्ण जमीनदाराचे घर जळाले तर त्याच्याकडे वाडी उरते, शेत उरते, बँकेतली ठेव उरते. आपले घर जळाले तर मागे काही उरत नाही. म्हणून ज्याच्याकडे कमी आहे, त्यालाच विम्याची गरज जास्त आहे.

आणि पैशात न मोजता येणारेही जळते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, घरपट्टीच्या जुन्या पावत्या. अनुसूचित जातीच्या वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. एखाद्या घरात तो पुरावा म्हणजे पत्र्याच्या पेटीतला एकच पिवळा कागद असतो. तो जळाला की नातवाच्या शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंत सगळे अडते. हे नुकसान कोणतीही विमा कंपनी भरून देत नाही. घराच्या सर्वसाधारण पॉलिसीत कागदपत्रे आणि रोख रक्कम धरलीच जात नाही. म्हणून पहिले काम फुकटचे आहे : घरातल्या प्रत्येक कागदाचा स्वच्छ फोटो काढा, डिजिलॉकरमध्ये जे येते ते आणा, बाकीचे ई-मेलवर ठेवा आणि साक्षांकित प्रतींचा एक संच दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्या. हे आज रात्री करता येते.

बाबासाहेब विम्याबद्दल काय म्हणाले होते?

'विमा म्हणजे भांडवलदारांचा धंदा, आंबेडकरी माणसाने त्याची जाहिरात का करावी?' असा आक्षेप आपल्याच काही कार्यकर्त्यांकडून येतो. त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' पुन्हा उघडावे. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या त्या निवेदनात बाबासाहेबांनी मागणी केली होती की विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा काढणे शासनाने सक्तीचे करावे. कारणेही त्यांनी दिली. खाजगी कंपनीपेक्षा शासनाची हमी अधिक भक्कम असते आणि विम्यातून जमा होणारा पैसा देशाच्या नियोजनाला वापरता येतो.

म्हणजे बाबासाहेबांचा विरोध विम्याला नव्हता. विमा कुणाच्या मालकीचा आणि कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ पासून सर्वसाधारण विमाही सरकारी झाला. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार कंपन्या त्यातून आल्या. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना दार उघडले. २०२१ मध्ये कायदा बदलून या सरकारी कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के हिस्सा असण्याची अटही काढून टाकली. आपण मात्र या काळात 'विमा आपला विषय नाही' म्हणत बसलो. ज्या क्षेत्राबद्दल बाबासाहेबांनी संविधान सभेपुढे मागणी मांडली, ते क्षेत्र हातातून जात असताना आपला एकही मोर्चा निघाला नाही.

पॉलिसीत आहे काय?

आता मुद्द्याचे बोलू. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी सक्तीची केली. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या, हप्ता मात्र कंपनीनुसार वेगळा. लोक तिला 'आगीचा विमा' म्हणतात, पण तिच्यात आग, वीज कोसळणे आणि स्फोट यांबरोबर भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दुष्टाव्याने केलेली नासधूस हेही येते.

किनाऱ्यावरच्या माणसाने ही यादी पुन्हा वाचावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत कौले-पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. २२ जुलै २०२१ रोजी महाडचे तळिये दरडीखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली. चार वर्षांच्या आत एकाच जिल्ह्यात हे तीन आघात. गेलेली माणसे कोणताही विमा परत आणत नाही. पण जे वाचले, त्यांच्या डोक्यावर छप्पर यायला किती काळ लागला हे आपण पाहिले आहे.

रक्कम कशी ठरते? जमिनीची किंमत यात येत नाही, पुन्हा बांधायचा खर्च येतो. समजा घराचे चटईक्षेत्र ५०० चौरस फूट आहे आणि तुमच्या भागात बांधकामाला चौरस फुटाला १,८०० रुपये लागतात, तर घराची विमा रक्कम ९ लाख रुपये. घरातल्या सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते. या आपोआप मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा १० लाख आहे. पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता साधारणपणे काही शे रुपयांत बसतो. १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेत वाडीतल्या कितीतरी घरांचा वर्षाचा हप्ता निघेल. जयंती जोरात करा, पण हा हिशेबही मांडा.

काही अटी कंपनीचा एजंट आपणहून सांगत नाही, त्या आम्ही सांगतो. घर कुडाचे, गवताचे, ताडपत्रीचे असेल तर अर्जात तसे लिहा, पक्के म्हणून खोटे लिहू नका. नंतर तेच कारण काढून दावा नाकारला जातो. घरात पर्यटकांसाठी खोली भाड्याने देत असाल तर तेही लिहा. शॉर्ट सर्किटने फक्त फ्रीज जळाला तर त्या फ्रीजचे पैसे मिळत नाहीत, पण त्यातून आग पसरून घर जळाले तर बाकीचे नुकसान धरले जाते. भाड्याने राहणाऱ्यालाही स्वतःच्या सामानाचा विमा काढता येतो. आणि गृहकर्ज असेल तर बँकेने विमा काढलेला असण्याची शक्यता आहे. त्याची प्रत मागून घ्या, रक्कम फक्त कर्जापुरती आहे की पूर्ण घराची, ते बघा.

आग लागलीच तर पंचनाम्याची प्रत, पोलिसांतली नोंद, अग्निशमन दलाचा दाखला आणि भरपूर फोटो ठेवा. कंपनीला लगेच कळवा आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत जळालेले सामान फेकू नका. 'कंपन्या पैसे देतच नाहीत' ही तक्रार खरी आहे तिथे भांडायची जागाही आहे. कंपनीने लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही किंवा चुकीचे उत्तर दिले तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. अर्ज लिहिणे ही तर आंबेडकरी तरुणाची जुनी ताकद आहे.

गॅसबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिलिंडरमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा अधिकृत ग्राहकाला लागू होतो, वेगळा हप्ता न भरता. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत. 'नोंदवलेला पत्ता' हे शब्द लक्षात ठेवा. मुंबईच्या नावावरचे सिलिंडर गावात वापरत असाल तर या मालमत्तेच्या भरपाईवर पाणी सोडावे लागेल.

सरकार देते ते पुरते का?

'घर जळाले तर सरकारने द्यावे' हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण सरकार किती देते ते बघा. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषांनुसार सपाट भागातले पूर्ण नष्ट झालेले घर म्हणजे १ लाख २० हजार रुपये. झोपडी म्हणजे ८ हजार रुपये. ८ हजारांत आज पत्रेही पुरे येत नाहीत. त्यात अट अशी की बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. आता विचार करा, गावठाणाबाहेर, गायरानात, वनजमिनीच्या कडेला, दळीवर राहायला कोण आहे? आपण आणि आपले कातकरी भाऊबंद. ज्यांना गावाने आत जागा दिली नाही, त्यांनाच 'तुमचे घर अधिकृत आहे का?' असे विचारले जाते. जात जमिनीत उतरते आणि मदतीच्या फॉर्ममधून पुन्हा वर येते, ती अशी.

आग विझवण्याचेही तेच. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत अग्निशमन आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ते नाही. म्हणजे अलिबाग-मुरूड शहरात बंब आणि खेड्यात बादली. शहरातून निघालेला बंब घाट, खाडी, अरुंद रस्ता ओलांडून येईपर्यंत घर पडलेले असते. आणि बौद्धवाडी गावाच्या टोकाला असल्याने बंब आलाच तरी शेवटच्या बोळात शिरत नाही. १९९२ च्या दुरुस्तीतली ही पोकळी आजवर कुणी भरली नाही.

लावलेली आग

आपल्या समाजाला आणखी एक आग माहीत आहे. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. तमिळनाडूत कीळवेण्मणीला २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांच्या बायकामुलांना झोपडीत कोंडून जाळले, ४४ माणसे. अशा आगीला अपघाताचे नाव देऊन फाइल बंद करणे फार सोपे असते. 'शॉर्ट सर्किट' या दोन शब्दांत अनेक गुन्हे पुरता येतात, जसे 'स्टोव्हचा भडका' या शब्दांत कितीतरी सुना पुरल्या गेल्या.

म्हणून संशय असेल तर कारण लेखी मागा, विद्युत निरीक्षकाची तपासणी मागा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचे राहते घर आगीने नष्ट करणाऱ्या बिगर अनुसूचित आरोपीला जन्मठेपेची तरतूद आहे. १९९५ च्या नियमांनुसार जाळलेल्या घराच्या जागी शासनाच्या खर्चाने विटांचे किंवा दगडाचे घर बांधून द्यावे लागते आणि तातडीची मदत सात दिवसांत द्यावी लागते. विमा असला तरी हा हक्क जात नाही. विमा घर उभे करतो. गुन्हेगाराला शिक्षा कायद्यानेच करून घ्यावी लागते. दोन्ही लढाया एकाच वेळी लढायच्या.

आगीला कारण असते

विम्याआधी येते ती काळजी. बुद्धाने शिकवले की कारणाशिवाय काही घडत नाही. 'नशिबात होते' हे वाक्य आपल्या धम्मात बसत नाही. आग कर्माने लागत नाही, सैल वायरीने लागते. कारण काढले की आग टळते.

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने वायरींच्या जोडांना आणि मीटरच्या पेटीला गंज चढतो. जोड सैल पडतो, तापतो आणि पेटतो. दर पावसाळ्याआधी परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालू नका. तो उडतो म्हणजे आपले काम करतो. एमसीबी आणि आरसीसीबी बसवा, अर्थिंग नीट करा. एकाच बोर्डावर फ्रीज, मिक्सर, इस्त्री लावू नका. मोबाइल गादीवर चार्जिंगला ठेवून झोपू नका.

गॅसची नळी पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवरच असते. रात्री रेग्युलेटर बंद करा. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा. कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नका, गॅस बंद करून झाकण ठेवा. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजल्यावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, टूथपेस्ट नाही.

मार्च ते मे हा आपला वणव्याचा काळ. भातशेतीसाठी राब भाजतात, वारा फिरतो आणि ठिणगी वाडीत येते. राब सकाळी वारा पडलेला असताना, माणसे आणि पाणी जवळ ठेवून भाजा. पेंढ्याची उडवी घरापासून लांब रचा. वाडीभोवती जाळरेषा काढायला सगळ्यांनी एक दिवस श्रमदान करा.

बुद्धमूर्तीसमोर, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर आपण मेणबत्ती लावतो. शेजारी प्लॅस्टिकचा हार, मागे पडदा असतो. वंदना झाल्यावर ती विझवून उठणे यात कसलाही अनादर नाही. विहारात १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला मंडप, रोषणाई आणि शेकडो मेणबत्त्या एकत्र येतात. तिथे वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे नसेल तर तो आयोजकांचा दोष समजावा.

६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या जागेत आग लागली. एकाच कुटुंबातली सात माणसे गेली. कोकणातून मुंबईला गेलेल्या आपल्या कितीतरी लोकांची घरे अशीच आहेत : खाली धंदा, वर बिऱ्हाड, उतरायला एकच जिना. तुमचे घर तसे असेल तर दुसरी वाट आजच शोधा. खिडकीच्या लोखंडी जाळीला आतून उघडणारा दरवाजा करा.

आता काय करायचे?

आमच्या मागण्या अशा. रमाई आवास, शबरी आवास आणि प्रधानमंत्री आवासमधून बांधलेल्या प्रत्येक घराचा विमा शासनाने काढावा आणि हप्ता शासनाने भरावा. अनुसूचित जातींसाठीचा राखीव निधी वर्षानुवर्षे अखर्चित राहतो किंवा दुसरीकडे वळतो, त्याला हा योग्य खर्च आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा जीएसटीमुक्त झाला, पण घराच्या विम्यावर १८ टक्के कर तसाच आहे; लहान घरांसाठी तो रद्द करावा. गायरानातल्या आणि गावठाणाबाहेरच्या घरांना आपत्ती मदतीत 'अधिकृत'ची अट लावू नये. आणि समूहाने असलेल्या गावांसाठी मिळून एक अग्निशमन केंद्र द्यावे.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबायचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी असतो. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा की यंदा त्यातून वाडीत अग्निशामक नळकांडी, वाळूच्या बादल्या आणि पंपाला लागणारा पाइप घ्यावा. ठराव तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. गावच्या मंडळाने आणि मुंबई शाखेने मिळून वाडीतल्या घरांची यादी करावी : कुणाच्या नावे नमुना ८ आहे, कुणाचे घर पक्के, कुणाची वायरिंग जुनी, कुणाचा विमा आहे. ज्या म्हाताऱ्या आईला हप्ता झेपत नाही, तिचा हप्ता मंडळाने भरावा. घर जळाल्यावर वर्गणी काढण्यापेक्षा जळण्याआधी काढलेली वर्गणी स्वस्त पडते.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण भिंतीवर लिहितो. ती भिंत टिकली पाहिजे, हेही त्याच कामात येते. या रविवारी दहा तरुणांनी पेन आणि वही घेऊन वाडीतल्या पहिल्या घरापासून सुरुवात करावी.

जय भीम!